पंगत एक, रक्त वेगळं

अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात बबून माकडांची एक मोठी वसाहत आहे. ती सांभाळणारी संस्था 1941 सालची. पूर्वी तिला साउथवेस्ट फाउंडेशन म्हणायचे, आता टेक्सास बायोमेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणतात. तिथल्या बबूनांना शास्त्रज्ञांनी अक्षरशः पंगत घातली. आधी साधं जेवण, ज्यात चरबीही कमी आणि कोलेस्टेरॉलही कमी. रक्त काढलं. मग काही आठवडे चरबी वाढवलेलं, पण कोलेस्टेरॉल न वाढवलेलं जेवण. पुन्हा रक्त. शेवटी दोन्ही वाढवलेलं. या तिसऱ्या जेवणात 40 टक्के उष्मांक चरबीतून, तीही डुकराची, आणि दर किलोकॅलरीमागे 1.7 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल. दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाच्या हिशोबात सांगायचं तर रोज सतरा-अठरा अंडी.

सगळ्यांना वाढलं एकच, पण रक्तात दिसलं ते एक नव्हतं. काही बबूनांचं कोलेस्टेरॉल जेमतेम हललं, तर काहींचं कितीतरी पटींनी वर गेलं. काहींत वाढलं ते मुख्यतः एचडीएल, म्हणजे आपण ज्याला ‘चांगलं’ म्हणतो ते. काहींत एलडीएलने, म्हणजे ‘वाईट’ म्हणतो त्याने, उसळी घेतली. आणि भावंडांचे आकडे परक्यांपेक्षा एकमेकांशी जास्त जुळत होते.

यात नवल ते काय, असं कोणीही म्हणेल. प्रत्येक घरात एक काका असतो, जो आयुष्यभर वरणभातावर तुपाची धार ओतून घेतो आणि सत्तरीतही त्याचा लिपिड प्रोफाइल बघून डॉक्टर मान डोलावतात. आणि त्याच घरात दुसरा काका, मोजून-मापून खाणारा, पन्नाशीच्या आत स्टेंट घालून बसलेला. पण घरातल्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. एकाने विडी ओढलेली असते, दुसऱ्याने दुकानाच्या गल्ल्यावर बसून तीस वर्षं काढलेली असतात. आणि माणसाला ‘रोज किती तूप खाता?’ असं विचारलं की तो डोळा न हलवता अर्धं सांगतो. बबून खोटं बोलत नाही. त्याच्यापुढे काय ठेवलं आणि त्यातलं किती उरलं, ते वजनकाट्यावर मोजता येतं. शिवाय या वसाहतीत कोणाचा बाप कोण, आई कोण, सावत्र भावंडं कोणती, याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद आहे. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापतात, तसा बबूनांचा कुलवृत्तांतच म्हणा, फक्त जास्त काटेकोर. जेवण सारखं, राहणी सारखी आणि नातं माहीत, एवढं हातात असलं की आकड्यांतल्या फरकापैकी किती वाटा वंशातून आला, याचा हिशोब मांडता येतो. 2000 साली याच कुळांच्या आधारे बबूनाच्या जनुकांचा नकाशा तयार झाला. माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्रायमेटचा असा हा पहिलाच नकाशा.

आता रक्तात फिरतं काय, ते जरा जवळून बघू.

रक्त म्हणजे बहुतांश पाणी, आणि चरबी पाण्यात विरघळत नाही. म्हणून शरीर ती गोळ्यांमध्ये बांधून पाठवतं. आत चरबी आणि कोलेस्टेरॉल, बाहेरून प्रथिनांचं आणि फॉस्फोलिपिडांचं पातळ आवरण. या गोळीला लायपोप्रोटीन म्हणतात. भरपेट जेवणानंतर रक्त दिलंत आणि ते यंत्रात फिरवलं, तर नळीत वर येणारं पिवळसर पाणी कधीकधी दुधाळ दिसतं. लॅबवाले म्हणतात, ‘सिरम लायपेमिक आलंय’. ती दुधाळ झाक या गोळ्यांचीच. नळी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवली तर त्यातल्या सर्वात मोठ्या, सर्वात हलक्या गोळ्या सायीसारख्या वर येतात. बाकीच्या एवढ्या सहज येत नाहीत. त्यांना प्रचंड वेगाने फिरवावं लागतं, मग त्या आपापल्या घनतेप्रमाणे थर धरतात. ज्यात चरबी जास्त आणि प्रथिन कमी ती गोळी हलकी, ज्यात प्रथिन जास्त ती जड. एलडीएल आणि एचडीएल ही नावं त्यावरूनच आली, कमी घनतेचं आणि जास्त घनतेचं. चांगलं-वाईट हे नंतर चिकटलेलं.

एलडीएलच्या प्रत्येक गोळीवर ‘अपो-बी’ नावाचं एकच लांबलचक प्रथिन गुंडाळलेलं असतं. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. ते या प्रथिनाला धरून गोळी आत ओढतात. गोळ्या वेळेत ओढल्या गेल्या नाहीत तर त्या रक्तात रेंगाळतात, धमनीच्या अस्तरात शिरतात, आणि तिथे वर्षानुवर्षं साचत जातात.

हे सगळं उंदरांवर का तपासलं नाही, असा प्रश्न पडेल. तपासलं, आजही तपासतात. पण उंदराच्या रक्तात बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असतं. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल इतर गोळ्यांकडे सरकवणारं ‘सीईटीपी’ नावाचं प्रथिन आपल्याकडे आहे, उंदराकडे नाही. त्याच्या धमन्या सहजासहजी खराबही होत नाहीत. ससा याच्या उलट. 1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या. तेव्हापासून त्यांच्यावर एकच आक्षेप घेतला गेला, की ससा पाला खाणारा प्राणी, त्याला हे पचणारच नाही, त्यावरून माणसाबद्दल काय सांगता? माकडाच्या बाबतीत हा आक्षेप एवढा चालत नाही.

तर, एकाच जेवणावर दोन माकडांचं रक्त वेगळं का होतं? कारणं एकाहून जास्त आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या छोट्याशा स्क्विरल मंकीवर 1970च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसलं, की ज्यांचं कोलेस्टेरॉल फार चढत नाही ती माकडं जास्तीचं कोलेस्टेरॉल पित्तात रूपांतरित करून पटापट बाहेर टाकतात. चढणाऱ्यांना ते तितक्या वेगाने जमत नाही. ऱ्हिसस माकडांत वेगळंच निघालं. ज्यांचं कोलेस्टेरॉल चढतं ती माकडं मुळात आतड्यातूनच जास्त कोलेस्टेरॉल शोषून घेत होती. म्हणजे कोणाचा नळ मोठा, तर कोणाची मोरी तुंबलेली. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे पाणी साचलेलंच दिसणार.

हे झालं अनेक जनुकांच्या छोट्या छोट्या फरकांबद्दल. कधीकधी मात्र एकच अक्षर सगळा घोळ घालतं. ऱ्हिसस माकडांच्या एका कुटुंबात कसलाही खास आहार न देता कोलेस्टेरॉल जन्मापासून चढलेलं दिसलं. 1990 साली कारण सापडलं. एलडीएलचा ग्राहक बनवणाऱ्या जनुकात एक अक्षर बदललं होतं. त्या जागी ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल बसायला हवं होतं, त्याऐवजी ‘इथे थांबा’ अशी खूण आली. वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडल्यासारखं. ग्राहक अर्धवट बनून वाया जातो. एका पालकाकडून असं जनुक आलं तरी चांगले ग्राहक निम्म्यावर येतात. माणसात हेच घडतं तेव्हा त्याला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, आणि या ग्राहकाचा शोध लावल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985चं नोबेल मिळालं होतं. माकडातही तोच आजार, त्याच जनुकात आणि निसर्गतःच घडलेला. कोणी प्रयोगशाळेत घडवलेला नाही. मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानंतर ‘माकड हे फक्त माणसाचं सोंग आहे’ असं म्हणणं अवघड झालं.

इथे आपल्या देशाचा संबंध येतो, आणि तो फारसा सुखद नाही. 1950च्या दशकापासून, आधी पोलिओच्या लशीसाठी आणि मग सगळ्याच संशोधनासाठी, भारतातून हजारो ऱ्हिसस माकडं अमेरिकेला जात होती. (ऱ्हिसस म्हणजे उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड. आपल्याकडे घाटात गाडीच्या टपावर बसून केळी मागणारं बहुतेकदा बॉनेट मकाक असतं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं. काळ्या तोंडाचं ते वानर.) ही माकडं लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली गेल्याचं उघड झालं आणि 1978 साली मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यात बंद केली. मग अमेरिकेला स्वतःच्या वसाहती वाढवाव्या लागल्या. भारतीय वंशाच्या ऱ्हिससची किंमत तिथे आजही जास्त आहे, आणि चिनी वंशाच्या ऱ्हिससपेक्षा ती जनुकांनीही बऱ्यापैकी वेगळी आहेत. 2007 साली ऱ्हिससचा पहिला जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो भारतीय वंशाच्याच एका मादीचा.

आता या सगळ्यातल्या सर्वात चमत्कारिक गोळीकडे येऊ.

1963 साली ओस्लोमध्ये कोरे बर्ग यांना माणसाच्या रक्तात एक नवीन लायपोप्रोटीन सापडलं. काहींच्या रक्तात भरपूर, काहींच्या रक्तात जवळजवळ नाहीच. त्यांनी त्याला नाव दिलं लायपोप्रोटीन-ए, त्यातला ‘ए’ छोटा. म्हणून डॉक्टर त्याला ‘एलपी लिटल ए’ म्हणतात. ही मुळात एलडीएलचीच गोळी, पण तिच्या अपो-बीला आणखी एक प्रथिन शेपटीसारखं अडकवलेलं असतं, अपो-ए. 1987 साली त्याचं जनुक वाचलं गेलं तेव्हा आश्चर्य वाटावं असं निघालं. ते प्लाझ्मिनोजेनच्या जनुकाची नक्कल होतं. प्लाझ्मिनोजेन म्हणजे रक्ताच्या गुठळ्या विरघळवणाऱ्या यंत्रणेतलं प्रथिन. उत्क्रांतीत कधीतरी त्या जनुकाची जादा प्रत निघाली, तिची मोडतोड झाली, आणि एक तुकडा पुन्हा पुन्हा छापला गेला.

त्या तुकड्याला ‘क्रिंगल’ म्हणतात. हे नाव एका डॅनिश पेस्ट्रीवरून आलं, पीठ वळून टोकं गाठीत अडकवलेली. आपल्याला समजायला सोपं, कडबोळं. कडबोळ्यांची माळ ओवली आहे असं समजा. कोणाच्या माळेत कमी कडबोळी, कोणाच्या माळेत चाळीसच्या आसपास. किती, ते आईकडून आणि बापाकडून आलेल्या जनुकावर ठरतं. म्हणून एकाच माणसात दोन लांबीच्या माळा असू शकतात. आणि नियम असा, की माळ जितकी आखूड तितकं रक्तात हे लायपोप्रोटीन जास्त.

असं का? उत्तर बबूनाच्या यकृतातून मिळालं, आणि माझ्या मते या विषयातलं हे सर्वात देखणं काम. 1994 साली सॅन अँटोनिओतच बबूनाच्या यकृताच्या पेशी ताटलीत वाढवून त्यांच्यातलं अपो-ए कुठून कुठे जातं ते तपासलं गेलं. पेशीच्या आत प्रथिन बनलं की लगेच बाहेर पडत नाही. ते नीट घडी पडेपर्यंत आतल्या खोलीत अडकवून ठेवलं जातं. लांब माळेला घडी पडायला वेळ लागतो, आखूड माळ चटकन सुटते. काही बबूनांच्या रक्तात अपो-ए दिसतच नव्हतं. त्यांच्यापैकी काहींच्या पेशींत प्रथिन बनत होतं, पण दाराबाहेर पडत नव्हतं. म्हणजे रक्तातला आकडा रक्तात ठरत नाही, यकृताच्या पेशीतल्या एका दारात ठरतो. त्याच प्रयोगांतून आणखी एक कळलं. अपो-ए आणि एलडीएलची गाठ पेशीच्या आत पडत नाही, बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावर पडते.

हे काम उंदरावर होऊच शकत नव्हतं. उंदराला हे जनुकच नाही. आशिया-आफ्रिकेतली माकडं, चिंपांझी-गोरिलासारखे बिनशेपटीचे मोठे प्राणी आणि माणूस, एवढ्यांकडेच ते आहे. आणि, काय सांगावं, हेजहॉग नावाच्या त्या काटेरी, चेंडूसारख्या गोळा होणाऱ्या प्राण्याकडे. त्याने ते आपलं आपण, स्वतंत्रपणे तयार केलं आहे. प्लाझ्मिनोजेनचीच मोडतोड करून, पण वेगळं कडबोळं निवडून. निसर्गाने तीच खोडी दोनदा काढली. कशासाठी काढली ते कोणाला ठामपणे सांगता आलेलं नाही.

माकडांत सगळं जसंच्या तसं आहे असं मात्र नाही. ऱ्हिससच्या माळेतलं एक महत्त्वाचं कडबोळं एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे निकामी झालं आहे. माणसात जे कडबोळं गुठळीतल्या प्रथिनाला चिकटतं, ते ऱ्हिससमध्ये चिकटू शकत नाही. म्हणून ऱ्हिससमधल्या या लायपोप्रोटीनवरून माणसातल्या गुठळ्यांबद्दल निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यावा लागतो. चिंपांझीचं उदाहरण तर आणखी सावध करणारं. त्यांच्यात कोलेस्टेरॉल जास्त, हे लायपोप्रोटीनही जास्त, पण ते आपल्यासारख्या तुंबलेल्या धमन्यांनी सहसा मरत नाहीत. त्यांचं हृदय निकामी होतं ते स्नायूत तंतू साचून. रक्त सारखं असलं तरी मरण वेगळं.

आकडा म्हणजे आजार नव्हे, हे माकडांनी आणखी दोन प्रकारे दाखवलं. दोन्ही काम नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचं. तिथे लॉरेन्स रुडेल यांच्या गटाने आफ्रिकन ग्रीन मंकींना पाच वर्षं तीन प्रकारची तेलं-चरबी खाऊ घातली: संपृक्त, ऑलिव्ह तेलात जास्त असते तशी एकअसंपृक्त, आणि करडई तेलात असते तशी बहुअसंपृक्त. दोन्ही असंपृक्त गटांत एलडीएल कमी झालं. पण हृदयाच्या धमन्या कापून पाहिल्या तेव्हा बहुअसंपृक्त गटाच्या कमी खराब झालेल्या, आणि एकअसंपृक्त गटाच्या संपृक्त गटाइतक्याच. एलडीएलच्या गोळ्या संख्येने कमी होत्या, पण त्यांच्या पोटात यकृताने भरलेलं कोलेस्टेरॉल वेगळ्या जातीचं होतं. आता हे वाचून कोणी घरातली ऑलिव्ह तेलाची बाटली मोरीत ओतू नये. माणसांतले अभ्यास तसं सांगत नाहीत, आणि त्या माकडांच्या जेवणात कोलेस्टेरॉलही मुद्दाम घातलेलं होतं. मुद्दा एवढाच, की रिपोर्टवरचा एक आकडा गोळीच्या आत काय आहे ते सांगत नाही.

दुसरं काम जेय कॅप्लन आणि थॉमस क्लार्कसन यांचं, 1982चं. लांबशेपटी मकाक नरांचे गट केले. काही गट कायम ठेवले, काहींतले सदस्य वरचेवर बदलत राहिले. बदलत्या गटांत जे नर दादागिरी टिकवून होते, त्यांच्याच धमन्या सर्वात जास्त खराब झाल्या. त्यांचं कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा फार वेगळं नव्हतं. दर महिन्याला नवीन साहेब येणाऱ्या ऑफिसात काम केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि धमन्या सुधारतात का? 1970 साली आयोवात मार्क आर्मस्ट्राँग यांनी ऱ्हिसस माकडांना अंड्याचा बलक घातलेलं जेवण 17 महिने दिलं. मग काहींना 40 महिने कमी चरबीच्या जेवणावर ठेवलं. साचलेले थर कमी झाले होते. त्याआधी बहुतेकांची समजूत होती की एकदा साचलं ते साचलं.

या सगळ्या खटाटोपातून हाताला काय लागलं, ते गेल्या वीस वर्षांत दिसू लागलं. काही माणसांत पीसीएसके-9 नावाचं जनुक जन्मतः बंद पडलेलं असतं. हे जनुक एलडीएलच्या ग्राहकांना मोडीत काढणारं प्रथिन बनवतं. ते बंद, म्हणजे ग्राहक जास्त दिवस टिकतात. 2006 साली अमेरिकेत दिसलं की असा बदल असलेल्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल 28 टक्क्यांनी कमी, पण हृदयविकार 88 टक्क्यांनी कमी. एवढी तफावत कशी? कारण त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी होतं, पन्नाशीत औषधाची गोळी सुरू केल्यापासून नव्हे. मग 2009 मध्ये लांबशेपटी मकाकांना या प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड एकदा टोचलं, तर एलडीएल सुमारे 80 टक्क्यांनी उतरलं. 2021 मध्ये त्याच जातीच्या माकडांच्या यकृतात जनुकातलं एकच अक्षर बदलून पीसीएसके-9 कायमचं बंद केलं गेलं. एकदाच शिरेतून दिलेलं औषध, आणि एलडीएल सुमारे 60 टक्क्यांनी खाली आलं. निदान आठ महिने ते तिथेच राहिलं. 2022 मध्ये न्यूझीलंडमध्ये हे पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं, जन्मजात चढ्या कोलेस्टेरॉलच्या रुग्णाला. त्या ऱ्हिसस कुटुंबात एक अक्षर चुकल्याने जे बिघडलं होतं, त्यावर उपायही एक अक्षर बदलूनच.

लिटल-एचं जनुक दडपणारी इंजेक्शनंही मकाकांमधून माणसापर्यंत आली आहेत आणि मोठ्या चाचण्यांत आहेत. आपल्यासाठी ही बातमी जरा जास्तच जवळची, कारण दक्षिण आशियाई लोकांत हे लायपोप्रोटीन युरोपीय लोकांपेक्षा सरासरीने जास्त असतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की ते प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी तपासावं आणि दर डेसिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅमच्या खाली असलेलं बरं. एकदाच, कारण आकडा मुख्यतः जनुकांनी ठरतो आणि तूप सोडून किंवा सकाळी टेकडी चढून तो फारसा हलत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही तपासणी नसते, वेगळी सांगावी लागते. आमच्या घरी स्टेंटवाल्या काकांनी मागच्या वर्षी ती केली. लॅबमधल्या मुलाने फॉर्मवर नाव वाचून दोनदा विचारलं, ‘काका, ही कुठली टेस्ट? लिपिड प्रोफाइल नाही का चालणार?’ रिपोर्ट आल्यावर काकांनी तो आधी तूपवाल्या थोरल्या भावाला दाखवला, आणि म्हणाले, ‘आता तूही करून घे. माळ एकाच घरातली आहे.’